लासूरहून कुत्री परत आणली

थंडी मला आवडते, कारण थंडीत माणसं उशिरा उठतात. मकबऱ्याच्या मागं, लेण्यांच्या डोंगराकडं जी मोकळी जागा आहे, तिथं पौषातल्या सकाळी चिटपाखरू नसतं. मी, तांबडा आणि काळी. तांबडा अण्णांचा, काळी आईची. दोन्ही गल्लीतलीच कुत्री. गवत वाळून पिवळं झालेलं असतं, तांबड्याच्या तोंडातून वाफा निघतात, काळी टिटव्यांच्या मागं उगाच धावते. ऊन वर आलं की मी एका खडकावर टेकते आणि दोघं माझ्या पायांना चिकटून बसतात. इतकं सुख मला माणसांत कधी मिळालं नाही, आणि आता मी ते तिथं शोधतही नाही.

आई-अण्णाही इथंच फिरायला यायचे. अण्णा पुढं, आई बरीच मागं, कारण दोघांचं पटत नसे. अण्णा निजामाच्या काळात उर्दू शाळेत गेलेले. पोलीस ॲक्शननंतर शाळा मराठी झाली, पण त्यांचा राग उर्दूतच राहिला. तांबड्यानं चप्पल पळवली की "नालायक, बदतमीज!" असं ओरडायचे, आणि तो शेपटी हलवायचा.

आई मागून म्हणायची, "तुमचं कुत्रं तुमच्यावानीच हाय. कुणाचं ऐकत नाय."

"आन् तुझी काळी?"

"ती शहाणी हाय. ती तुमच्याशी बोलतच नाय."

एरवी दिवसभर दोघांत एवढंही बोलणं होत नसे.

अण्णा उन्हाळ्यात गेले, आई त्याच वर्षी थंडीच्या तोंडावर. दोघांचंही अंथरुणातलं सगळं मी केलं. दादा पुण्याला. फोनवर विचारायचा, "डॉक्टर काय म्हणाले?" मी सांगायची. तो "बरं" म्हणायचा. अण्णांच्या वेळी तो पोचला तेव्हा लोक तिरडी बांधत होते. हे मी विसरलेली नाही, आणि विसरायची माझी इच्छाही नाही.

आईच्या वर्षश्राद्धाला दादा-वहिनी आले. त्या वर्षी लवकरच हाडं गोठवणारी थंडी पडली होती. अण्णांचा शहागंजच्या बाजारातून घेतलेला करडा स्वेटर मी ओट्यावर अंथरला होता आणि त्यावर तांबडा झोपला होता. दादा दारातच थबकला.

"अण्णांचा स्वेटर कुत्र्याखाली?"

त्याचे डोळे भरून आले होते. मला दया आली नाही.

"शेवटच्या थंडीत अण्णा स्वतः काढून त्याच्या अंगावर घालायचे," मी म्हणाले. "तू असतास तर तुला दिसलं असतं."

वहिनी म्हणाल्या, "उद्या जेवायला लोक येणार. केस बघा किती पडलेत सगळीकडं."

"मग लोकांना बोलवू नका."

श्राद्ध पार पडलं. दुसऱ्या दिवशी मी भाजी घेऊन परत आले तर ओटा रिकामा. दादा उन्हात खुर्ची टाकून पेपर वाचत होता.

"कुत्री कुठंयत?"

"त्यांची सोय केलीय. लासूर स्टेशनला माझ्या मित्राचं गोदाम आहे, तिथं राखणीला पाठवली. तूही आता मोकळी झालीस."

"मी सांगितलं होतं तुला मोकळं करायला?"

"अगं, लोक काय म्हणतात माहितीय? बाई एकटी कुत्र्यांबरोबर रानात भटकते म्हणतात."

मी त्याच्याकडून गोदामाचा पत्ता घेतला. तो देत नव्हता. मी पेपर त्याच्या हातातून ओढून फाडला, तेव्हा दिला.

सकाळच्या पहिल्या एसटीनं निघाले. खिडकीची काच बसत नव्हती, वारा कानशिलांवर बसत होता, आणि मला बरं वाटत होतं. डोक्यात भांडण असलं की थंडी सोसते. गोदामापाशी तांबडा साखळीला बांधलेला होता. पुढ्यातल्या पाण्याला त्यानं तोंडही लावलं नव्हतं. मला पाहून तो असा केकाटला की आतली माणसं बाहेर आली. मी त्याची साखळी सोडली. काळी मात्र रात्रीच दोरी तोडून पळाली होती, असं त्यांनी सांगितलं.

बाजाराकडं चहाची टपरी चालवणारी एक बाई होती. तिला विचारलं.

"काळी व्हय? ती बघा तिकडं, मक्याच्या पोत्यांवर. कुणाला जवळ येऊ देत नाय. लई तिखट हाय."

मी लांबूनच हाक मारली. काळी उठली, पोत्यांवरून उड्या टाकत आली आणि माझा पदर दातांत धरून उभी राहिली. मग मला रडू आलं. आई गेली तेव्हा असं आलं नव्हतं.

एसटीत कुत्री घेईनात. कांदे टाकून रिकाम्या परतणाऱ्या एका टेम्पोवाल्यानं कुरकुर करत मागं चढू दिलं. दोघांना दोन्ही बाजूंना घेऊन मी तिघांवर शाल ओढली. रस्त्यानं सगळीकडं हरभरा हिरवागार होता आणि ऊन कोवळं होतं. अण्णा असते तर दादाला उर्दूत झोडपलं असतं. आईनं काही न बोलता त्याच्या पुढचं ताट उचलून आत नेलं असतं. दोघं या एका गोष्टीत तरी एका बाजूला उभे राहिले असते, असं मला पक्कं वाटलं.

घरी पोचले तेव्हा दादानं बॅगा भरल्या होत्या.

"दोन कुत्र्यांसाठी सख्ख्या भावाला तोडतेस?"

"व्हय," मी म्हणाले.

यंदा संक्रांतीला त्याची गाडी फाटकाशी थांबलेली मी वरच्या खिडकीतून पाहिली. त्यानं दोनदा हॉर्न वाजवला. मी मागच्या दारानं दोघांना घेऊन डोंगराकडं निघाले आणि ऊन उतरेपर्यंत तिथंच बसले. तांबडा आता म्हातारा झालाय, चढ लागला की थांबतो. मीही थांबते. परतले तेव्हा फाटकाला तिळगुळाची पिशवी अडकवलेली होती. ती मी शेजारच्या मुलांना देऊन टाकली आणि फाटकाला कुलूप लावलं.