जपानी गाडीची मागची सीट

मले लिहता येत नाई. हे मी बोलून राह्यलो अन् दुसरा लिहून राह्यला. त्यात काई शहाणपणाचं सापडलं, तर ते त्यानं घातलं असं समजजा.

पुलगावले माह्यं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे चार खांब अन् वर टिनं. जीप, ट्रॅक्टर, फटफटी, जे बंद पडन ते माह्याकडे येत होतं, अन् कधी कधी सुरू होऊन जातही होतं. फौजेच्या डेपोतल्या एका साहेबाजवळ जुनी जपानी गाडी होती. दोन दरवाज्याची, बुटकी, नाक लांब. आफ्रिकेतून परतलेल्या कोण्या माणसाकडून त्यानं घेतलती. ती बंद पडली अन् साहेबाची बदली निघाली, दोन्ही एकदमच. साहेब म्हणे, "तू ही रख ले." जाताना मात्र मागं वळून बोट दाखवलं त्यानं, "लेकिन इसको रिक्षा मत बना देना."

ते वाक्य मी पक्कं धरलं. गावानं नाई धरलं. समोरचा पानठेलेवाला रोज एक अक्कल द्यायचा, "म्युझिकवाला हॉर्न लाव. काचीले झालर लाव. मागं लाल-हिरवे लाइट लाव, रातच्याले वरात वाटली पाहिजे."

मी म्हणो, "वरात एकदा निघाली माह्यी. पुरे झालं."

ह्यावर तो हसे, मीही हसो. मंग तो घरी जाये. घरी त्याची बायको होती. माह्यी आर्वीले होती, माहेरी.

ते सांगाच लागन. आमचं लेकरू राह्यलं नाई. एकदा नाई, दोनदा. ती भिंतीकडे तोंड करून निजून राहे अन् मले काय करावं ते सुधरत नव्हतं, तर मी नकला करो. कंडक्टरची, तलाठ्याची, म्हशीची. मले वाटे, ही एकदा हसली म्हणजे झालं. तिले वाटलं, ह्या माणसाले काईच वाटत नाई. तिचा बाप चार दिवस म्हणून घेऊन गेला, अन् ते चार दिवस काई सरेच ना.

आता आमच्याकडे माहेरी राह्यलेल्या बाईले आणाले घरची मोठी बाई जाते. सासू, नणंद, जेठाणी, कोणीतरी. नवरा एकटाच न्याले गेला तर लोक तोंडाले पदर लावून हसतात. माह्या घरी मोठी बाई नव्हती, लहान बाई नव्हती, एक मांजर होती तेही बोका निघाला. तर आर्वीचे लोक वाट पाहून राह्यले का पुलगावून कोणी येईन, अन् मी वाट पाहून राह्यलो का आर्वीवरून कोणी पाठवन. मंग मी ठरवलं का गाडी बनवतो. अशी बनवतो का तिच्यात बसून नवरा एकटा गेला, तरी लोक हसायचं विसरले पाहिजे.

डिक्कीत एक जपानी मासिक सापडलतं. जपानी असो का मराठी, मले सारखंच. पण फोटो होते. फोटोतल्या गाडीवर काईच लटकलेलं नव्हतं. तिच्याकडे पाहून मी काम केलं. आमच्या उन्हाळ्यात तिचं पाणी उकळे, तर जीपचं मोठं रेडिएटर बसवलं, पण जाळीच्या मागं असं लपवलं का बाहेरून समजू नये. स्प्रिंग थोडे उचलले, पोट घासू नये एवढेच. तेव्हा जपानी छोटे ट्रक नवीन निघाले होते. त्यातल्या एका अपघातवाल्याचा पाच गिअरचा डबा नागपूरच्या भंगारात भेटला. गिअरच्या दांड्यावरची मूठ बैलबंडीच्या जुन्या सागाची, तेल पाजून पाजून घोटलेली. रंग पांढरा, पण कापसाचा पांढरा नाई. ज्वारीच्या भाकरीचा.

अन् मागची सीट काहाडून टाकली. फोटोत नव्हती. तिथं काळा गालिचा अंथरला. लय साफ दिसे. मी रोज संध्याकाळी स्टुलावर बसून त्या गालिच्याकडे पाहो अन् मनात म्हणो, वा.

दिवाळी झाल्यावर आर्वीले गेलो. दरवाज्यासमोर गाडी लावली. सासरा बाहेर आला, एक फेरा मारला.

"जवाईबापू, हे काय आणलं?"

"गाडी, मामाजी."

"चाकं पाहून वाटलंच मले."

मी हिंमत करून सांगतलं, "घरधनीनीले न्याले आलो."

सासरा भला माणूस. म्हणे, "न्या ना. पण येवढ्या दिवसानं पोरगी एकटी कशी पाठवू? मावशी जाईन संगं, चार दिवस राहीन, घर पाहीन." मंग वाकून आत पाह्यलं. "मावशीले कोठी बसवता? टपावर?"

साऱ्या आळीत खसखस पिकली. मीही हसलो, माह्यी ती सवयच. येवढं सारं घोटलं, पण बायको न्याची म्हणजे संगं एक मावशी येते, हे डोक्यातच नाई आलं. फोटोतल्या जपान्याले मावशी नसन.

तेव्हा ती बाहेर आली. वाळली होती. काचीतून आत पाह्यलं अन् लय वेळ पाहून राह्यली.

"मागची सीट कोठी गेली?"

"काहाडली."

"काऊन?"

आता इथं चूप राहावं का नाई माणसानं? मी म्हटलं, "मागं कोण बसते आपल्या? भूत?"

आळी हसली. ती नाई हसली. ती माह्याकडे अशी पाहून राह्यली, का मी आपल्या तोंडातलं ते हासू गिळाले लागलो अन् ते गिळल्याच जायना.

वाटलं, झालं. आता ही आत जाईन अन् दरवाजा लावन. पण तीच बापाले म्हणे, "मावशीले एसटी लागते, रस्ताभर ओकते. मावशीले गाडीत बसवा. मी एसटीनं जातो."

अशी आमची वरात निघाली. पुढं एसटी, तिच्यात माह्यी बायको. मागं जपानी गाडी, तिच्यात मी अन् मावशी. मावशी मांडीवर थैली घेऊन म्हणे, "काऊन रे, येवढी खाली बसवते का माणसाले? मले नुसतं आभाळ दिसून राह्यलं."

पाच गिअर होते, मी तिसऱ्यातच चाललो. सारी धूळ माह्या भाकरीच्या रंगावर.

"पुढं काढ ना!" मावशी म्हणे. "काऊन मागं मागं चालला?"

"ब्रेक पाहून राह्यलो, मावशी."

मी शेवटची खिडकी पाहून राह्यलतो. एकदा तिचा पदर बाहेर उडाला. तिनं आत घेतला. वळून नाई पाह्यलं.

चार दिवस राह्यल्या. मावशीनं घर झाडलं, चुलीजवळून नटबोल्ट वेचले. बायको सैपाक करे, मी जेवो अन् काईतरी गमतीचं बोलो. पाचव्या दिवशी मावशीनं बायकोची पिशवी भरली अन् मले म्हणे, "बाप्पा, चार दिवसात तू तिच्यासंगं एक शब्द सिधा बोलला नाई. हिले कशी ठेवू मी इथं?"

स्टँडवर पायीच गेलो, पिशवी माह्या खांद्यावर. गाडीचं नावच नाई काहाडलं. मावशीनं आधीच तोंडात लवंग धरलती. बायको खिडकीत बसली.

"पुढच्या खेपेले एसटीनं येजा," ती म्हणे.

"सीट बसवतो ना परत. दोन दिवसाचं काम."

"नोका बसवू काई. एसटीत बाजूले बसता येते."

ती पुलगावले राहाले काई परत आली नाई. मी जात राह्यलो. गॅरेज बंद असे त्या दिवशी एसटीनं आर्वीले जाओ, सासऱ्याच्या घरी चहा घेओ. मंग ती मले पोचवाले स्टँडवर ये अन् आम्ही बाकड्यावर बसो, बाजूबाजूनं. मी नकला नाई करो. बहुतेक काई बोलोच नाई. एकदा लेकरांबद्दल बोललो, दोघंही. मंग ती भुईमुगाच्या फल्ल्या फोडत बसली अन् दाणे मले देत राह्यली.

पुलगावची गाडी लागे. मी उठो. ती म्हणे, "पुढच्या गाडीनं जाजा." मी बसो. दुसरी लागे, तरी ती तसंच म्हणे. शेवटची लागली म्हणजे मात्र ती काई म्हणत नव्हती, अन् मले जाऊन बसाच लागे.