ओपन स्पेसखालची टाकी

माझं माहेर अकोल्याचं. ठेकेदारानं बांधलेली भिंत फोडून मोर्णा नदीचं पाणी घरात शिरलेलं लहानपणीच पाहिलं, तेव्हापासून पाणी आणि ठेकेदार या दोघांवर माझा काडीचा विश्वास नाही. लग्न होऊन अमरावतीला आले, पुढे लेआउटमध्ये घर बांधलं, आणि मागच्या पावसाळ्यात इथंही तेच. नाली तुंबली, गढूळ पाणी थेट सासूबाईंच्या खोलीत. त्या अंथरुणाला खिळलेल्या. जिना सोडाच, कूससुद्धा आपली आपण बदलता येत नाही. यजमान कामाला गेलेले. मी एकटीनं त्यांना पाठीवर घेतलं आणि स्वयंपाकघरातल्या ओट्यावर आणून टेकवलं. कंबर अजून धरते.

म्हणून आमच्या ओपन स्पेसखाली, म्हणजे लेआउटमध्ये सगळ्यांसाठी सोडलेल्या मोकळ्या जागेखाली, पावसाच्या पाण्याची टाकी मंजूर झाली तेव्हा मला देव पावला. आमची माती काळी, शोषखड्डा खणला तर पाणी खाली जात नाही, तसंच उभं राहतं. टाकीत मात्र जोराच्या पावसाचं पाणी साठणार आणि नाला उतरला की ते हळूहळू त्यात सोडणार. चुन्यानं आखणी झाली. रेघ पार कडुनिंबापर्यंत होती. दूध आणायला जाताना मी ती रोज पाहायची.

खोदकाम निंबाच्या बरंच अलीकडे थांबलं. टाकी जवळजवळ निम्मी. खाल्लं लेकाच्यांनी, मी मनात म्हटलं, आणि कामावरच्या इंजिनिअर साहेबांना तिथंच गाठलं. ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, "मॅडम, नकाशा बदलला. तुमच्याच लेआउटची मागणी होती."

आमची? शेजारणींना विचारलं, तर एकीला कुकर आठवला, दुसरीला फोन आला. रात्रीच्या जेवणाला यजमानांना विचारलं, "काहून हो, टाकी लहान करा म्हणून कोणं सांगतलं?"

"अवं, तू तं साऱ्या जगावर शक घेऊन राहिली," ते म्हणाले, आणि उठून स्वतः ताट धुवायला गेले. ज्या माणसानं जन्मात पाण्याचा पेला उचलला नाही, तो ताट धुतो? पाणी कुठंतरी नक्की मुरत होतं.

दुसऱ्या दिवशी निंबाखाली नवा चुना दिसला, चौकोन चौकोन. आमच्याकडे ओपन स्पेस कधी ओपन राहत नाही. आधी ओटा होतो, मग मंदिर, मग सभामंडप. मंदिर झालंच होतं; हे चौकोन सभामंडपाच्या खांबांचे होते. खांब टाकीवर उभे करता येईनात, म्हणून खांब राहिले आणि टाकी आखडली. आणि मंदिर समितीचे अध्यक्ष कोण, तर आमचे यजमान.

माझा संताप संताप झाला. सख्ख्या आईच्या खाटेखाली पाणी येतं हे ज्याला माहीत, त्यानं टाकी लहान करायच्या मागणीवर सही करावी? सासूबाईंना दुपारी वरणभात भरवताना मी सगळं बोलून टाकलं. "आई, तुमच्या लेकाले तुमच्याहून खांब मोठा झाला."

त्यांनी घास गिळला. "त्याले कायले बोलतं? तो तं नाही म्हणे. मीच सांगतलं, खांब हलू देऊ नको. मंडप तुह्या मामंजीच्या नावानं हाय."

ठेकेदार, साहेब, शेजारणी, नवरा, सगळ्यांवर मी संशय घेतला होता. या खाटेकडे माझी नजरच गेली नव्हती.

"आणि पाणी?" मी विचारलं.

"माह्याच खोलीत येते ना? येऊ दे."

"खोली तुमची आहे आई, पण पाणी आल्यावर तुमाले उचलते कोण?" माझा आवाज चढला होता, डोळेही भरले होते.

"तूच उचलतं," त्या शांतपणे म्हणाल्या. "तू नाही म्हटलं असतं तं मले आयकाच लागलं असतं. म्हणून तं तुले इचारलं नाही."