काजळी धरेल म्हणून

आम्ही दोघांनी शेवटचं एकत्र काय केलं, तर बिरड्याचे वाल सोलले. पोलादपूरच्या वर डोंगरात आमची वाडी. तिथं मुलानं नवं घर बांधलंय, त्याच्या हॉलात गार लादीवर बसलो होतो. समोर फुलांचं ते मोठं चित्र. दार उघडल्याबरोबर दिसावं म्हणून मुद्दाम तिथं लावलेलं. कोणी आलं की पाणी विचारायच्या आधी मुलगा सांगायचा, "हातानं काढलेलं हाय, छापील नाय."

बायको चित्राकडं बघत म्हणाली, "अवो, कमळ, शेवंती नि चाफा एकाच भांड्यात. एका टायमाला फुलतात कुठं?"

"पैसेवाल्यांकडं फुलत असतील गो."

"नि वास?"

"तो पाहुण्यांनी घ्यायचा."

ती हसली. सालांची परडी घेऊन उठली नि तिथंच चित्राखाली पडली. महाडच्या दवाखान्यात न्यायला गाडी येईपर्यंत सगळं संपलं होतं.

माणूस जिथं जातं तिथं दहा दिवस दिवा ठेवतात. तो हलवायचा नाय, विझू द्यायचा नाय. तेल घालायचं काम मी कुणाला दिलं नाय.

सहाव्या दिवशी संध्याकाळी मुलाला मुंबईच्या साहेबाचा फोन आला, उद्या भेटायला येतो म्हणून. फोन ठेवला नि यानं दिवा उचलून मागच्या पडवीत नेला.

"बाबा, चित्राला काजळी धरेल. दिवा काय, कुठंही जळतो."

"तुझी आय पडवीत मेली का रे?"

तो मोबाईलमध्ये बघत राहिला. त्याचं घर, त्याची भिंत, म्हणून मी गप बसलो. तिथंच चुकलो. पोराचा राग येतोच, पण त्याहून जास्त माझा मला येतो.

सकाळी पडवीत गेलो तर दिवा विझलेला. तेल तसंच, वात काळी. वाऱ्यानं गेला असणार.

आत आलो नि चित्र उतरवलं. जड होतं. चौकटीचा कोपरा लादीवर आपटून टवका उडाला. पडवीत नेऊन भिंतीकडं तोंड करून ठेवलं. दिवा तिच्या जागी आणला, नवी वात घालून पेटवला.

आवाजानं मुलगा उठून आला. मोकळ्या खिळ्याकडं बघून म्हणाला, "साहेब येतायत बाबा. भिंत कशी दिसते ती."

"आय गेलेल्या घराची दिसते. त्यांना चटई घाल."

मग दाराकडं पाठ करून दिव्याजवळ बसलो, वारा लागू नये म्हणून.