बागेला नेसवलेली साडी

मे महिन्यात यावलकडे केळीच्या बागांना साड्या नेसवतात. पश्चिमेचा तापलेला वारा पानं फाडतो, खोडं सुकवतो, आणि अर्धे भरलेले घड सटकून खाली पडतात. हिरवी जाळी महाग, म्हणून माझा मोठा भाऊ बागेभोवती बांबू रोवून गावभरच्या जुन्या साड्या बांधायचा. बोहारणीला उन्हाळ्यात कुणी विचारत नसे. एसटीतल्या बायका खिडकीतून आपापली साडी ओळखत आणि ती कुणाच्या लग्नात नेसली होती तेही सांगत.

एका वर्षी ऊन लवकर तापलं. कापणी तोंडावर आलेली असताना वाऱ्यानं पश्चिमेच्या साड्यांच्या चिंध्या केल्या आणि घड सटकू लागले. वर्षाची कमाई त्या घडांत होती. घरातल्या चादरी गेल्या, पडदे गेले, तरी मधे एक खिंडार उरलं. मी जळगावचा नोकरदार, सावलीत बसून सल्ले देत होतो. सल्ल्याला पैसे पडत नाहीत.

आईनं ट्रंक उघडली आणि कोरी नऊवारी बाहेर काढली.

आई धुळ्याकडची. आमच्यात बाई गेली की तिच्या अंगावरची शेवटची साडी माहेरून येते. मामा थकला तेव्हा "मी नसलो तर" म्हणून ती आधीच देऊन गेला होता. पुढे तो खरंच गेला, आणि माहेरी दुसरं कुणी उरलं नाही.

भाऊ नको नको म्हणत राहिला. आई म्हणाली, "माले जावानी घाई नई शे. बाग आज जळी ऱ्हायनी."

मला भावाचा राग आला, वाऱ्याचा आला, केळीच्या बाजारभावाचाही आला.

बाग बरीचशी वाचली. कापणीनंतर साडी सोडवायला गेलो तर ती हातातच विरली. रंग तर त्याआधीच उडाला होता.

भाऊ आता जाळी घेतो. उन्हाळा केवढ्याला पडला ते विचारलं की जाळी, जादा पाणी, पहाटे येणाऱ्या मजुरांची वाढीव मजुरी, सगळं सांगतो. साडी त्यात येत नाही.

त्या वर्षीच त्यानं आईला जळगावहून तशीच भारी नऊवारी आणून दिली होती. आईनं ती लगेच शेजारच्या हळदीला नेसली, वर डागही पाडून घेतला. मी म्हटलं, "अगं, ठेवायची ना जपून."

"काबर?" आई म्हणाली. "ही पोऱ्यानी शे. ती माहेरनी व्हती."