शकुनबाईची हलकी आणि भारी पुस्तकं

तुमचं वय पाहून दुसऱ्याच कोणी तुमच्या हातात पुस्तक कोंबलं, तर चालेल का तुम्हाला? मला नाही चालणार. मी भांडेन. पण शकुनबाईशी भांडायची आमच्या गावात कोणाची टाप नाही, म्हणून मीही गप्प होतो.

शकुनबाई म्हणजे कोंढ्याच्या पलीकडल्या आमच्या गावातली रोवणीची मुकादम. बायांची टोळी घेऊन गावोगाव धान रोवते आणि जिथं जाईल तिथून जुनी पुस्तकं मागून आणते. मजुरीसाठी तासभर घासाघीस करणारा शेतमालक पुस्तकं मात्र हसत देतो, माळा रिकामा होतो ना. असं करत राजाराणीच्या गोष्टी, लांब मानेचे डायनासोर, लोणची, ग्रहतारे, शेळ्यांचे रोग, जमिनीचा कायदा, विहिरीतल्या भुताची कादंबरी, सगळं ग्रामपंचायतीच्या एका बंद खोलीत जमलं.

त्या खोलीवर भय्याजी मंडपवाल्याचा डोळा. त्याला खुर्च्या ठेवायच्या. सरपंच रेणूताईंनी तोड काढली, "दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेपर्यंत वाचणारी माणसं दाखव, मावशी. नाही त खोली भय्याजीले."

आता शकुनबाईनं काय करावं? धानात हलकं म्हणजे लवकर निघणारं आणि भारी म्हणजे उशिरा निघणारं. तिनं पुस्तकांचेही तसेच ढीग लावले. पातळ ती हलकी, जाड ती भारी, उरली ती मध्यम. हलकी लेकरांना, मध्यम कामकऱ्यांना, भारी म्हाताऱ्यांना. "म्हाताऱ्याइले काम काय हाये? बसून वाचतीन," म्हणे.

यादोरावबाबा गावातले सगळ्यात म्हातारे. हौसेनं आले, तर बाईनं जमिनीचा कायदाच मांडीवर ठेवला. पुस्तक मांडीवर, मान पुस्तकावर, घोरणं बाहेर रस्त्यापर्यंत. ते पाहून दुसरं कोणी फिरकेना. मंडई तोंडावर आली. भय्याजी टेप घेऊन आला आणि बाईच्या देखत खोली मोजून गेला. त्या दिवशी शकुनबाई जेवली नाही. बायांना ओरडलीही नाही, म्हणजे बघा.

मंडईच्या दिवशी बाबा परत आले. सोबत पणती, चौथीतली भावना.

"हे कायद्याचं वापस घे. मले ते लांब मानेच्या जनावराचं दे."

"ते हलकं हाये, बाबाजी. लेकराइचं."

"मंग हलकंच दे. या वयात भारी धान पेरतो अन् कापाले कोन येईन, तू?"

शकुनबाई हलक्या ढिगाकडं वळली. तेवढ्यात भावनानं शेळ्यांच्या रोगांचं जाडजूड पुस्तक ओढलं.

"ठेव ते. तुह्या वयाचं नाही."

"पोट शेळीचं फुगलं, आजी. वय तिचं पाहा ना."

"घ्या, न्या," बाई करवादली. "पण पान फाटलं त दोघायलेही चिखलात रोवीन."

बाबा ओट्यावर बसून मोठ्यानं वाचू लागले. मंडईला आलेले पाहुणे थांबले. एवढं मोठं जनावर एका दिवसात किती बांध्या, म्हणजे धानाची किती खाचरं, खाईल, यावर वाद पेटला.

"रानडुकरानं खाल्लं त वनखातं भरपाई देते. याची कोन देत होतं?"

"पंचनाम्याले येनारा पटवारी याच्या पायाखाली गेला असन, म्हून त नोंद नाही."

दुसऱ्यानं वादासाठी ग्रहतारे काढले, तिसऱ्यानं कायदा. खोलीत पाय ठेवायला जागा नाही. त्यात भय्याजी खुर्च्यांचा ट्रॅक्टर घेऊन आला. उतरवलेली पहिलीच खुर्ची घेऊन तोच वादात बसला.

"ते जनावर निव्वळ गवत खात होतं. धानाले तोंड नाही लावत."

"धान गवतच होय ना, भय्याजी."

भय्याजी तांबडा झाला. "आना ते पुस्तक. मीच दाखवतो."

"माहं झालं नाही," बाबा म्हणाले. "तू नंबर लाव."

आणि भय्याजी बसला की नंबर लावून. रेणूताई आल्या तेव्हा तो मान वाकडी करून बाबांच्या खांद्यावरून चित्र पाहत होता. ट्रॅक्टर बाहेर चालूच.

"मावशी, तुहा वाचनारा पक्का हाये का?" ताईंनी विचारलं.

"इचारा त्यालेच," शकुनबाई म्हणाली.

भय्याजी मान वर न करता बोलला, "डिस्टर्ब नका करू, ताई." झाला निकाल. खोली शकुनबाईची.

ढीग अजून तीनच आहेत, पण बाई आता वय विचारत नाही. "कापनी कधी पायजे?" एवढंच विचारते. अडचण एकच. गावातले सगळे म्हातारे हलक्या ढिगावर तुटून पडलेत आणि लेकरं रिकाम्या हातानं परत जातात, ते आम्हाला बिलकुल मंजूर नाही. म्हणून तुम्हाला सांगतो. जुन्या लग्नपत्रिका आणि दहावीची गाइडं आणू नका, त्यांचा डोंगर पडलाय. तुमच्या घरी पातळ, चित्रांची, गमतीची पुस्तकं धूळ खात असतील, तर या हप्त्यात शकुनबाईच्या खोलीत आणून द्या.