कोल्ड रूममधली घंटा

आज अंजूरला भाजीपाल्याच्या नव्या कोल्ड रूमचं काम संपलं. डिझाइन माझंच. आत कुणी अडकलं तर बाहेर घंटा वाजावी म्हणून आतल्या भिंतीवर बटण बसवलंय. ते तपासायला मी एकटीच आत गेले, दार लावलं आणि बटण दाबलं.

गेटवरचे वॉचमनकाका अनवाणी धावत आले.

"मॅडम, बऱ्या हाव ना? अडकलात काय?"

"नाही काका, टेस्टिंग होतं."

ते हसून परत गेले. मी रिकाम्या क्रेटपाशी तशीच उभी राहिले. आई गेल्यापासून नारपोलीच्या घरात मला असं कुणी विचारलेलं नाही.

तुम्हाला म्हणून सांगते, मी दार पुन्हा लावलं आणि बटण दाबलं. तपासायचं काहीच उरलं नव्हतं.

काका दुसऱ्यांदाही धावतच आले.