टाक्यांतली बुळबुळ

त्सिया बोनारियाला, म्हणजे बोनारिया मावशीला, घाण म्हणून खपत नसे. नवरा बोबोरे समुद्रावरून आला की त्याने बूट दारातच काढायचे, पाय धुवायचे, मगच आत यायचं. त्याचा जन्म बुड्या मारून अर्चिन, म्हणजे समुद्रतळाचे खाण्याजोगे काटेरी प्राणी, गोळा करण्यात गेला. पुढे ते काटेरी गोळे समुद्रात दिसेनासे झाले, पकडायला बंदी आली, आणि त्यांची पिल्लं वाढवून पुन्हा समुद्रात सोडायचं केंद्र बंदराशेजारी निघालं. तिथल्या टाक्यांची देखभाल बोनारियाकडे आली. साबुदाण्याएवढी पिल्लं शेवाळाच्या पानांना चिकटलेली दिसली की ती कौतुकाने बघत राहायची. "माझी पोरं," म्हणायची.

ईस्टरच्या आधी पाद्री घरोघर पवित्र पाणी शिंपडायला येतात, म्हणून बोनारिया दरवर्षी घर लखलखीत करते. यंदा पाद्री डॉन एफिसियो म्हणाले, "केंद्रातही येईन म्हणतो." झालं! केंद्राची शास्त्रज्ञ इलेनिया सणाला आईकडे गेली होती. बोनारियाने बाह्या सरसावल्या. पिल्लं बादलीत काढली, टाक्या उकळत्या पाण्याने आणि व्हिनेगरने घासल्या, दगडांवरची बुळबुळ खरवडून काढली आणि समुद्राचं गाळलेलं नितळ पाणी भरून पिल्लं परत सोडली.

"आमच्या देवळापेक्षा स्वच्छ आहे हो!" डॉन एफिसियो म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून पिल्लं खाईनात. नव्या पाण्याला बुजली असतील, असं बोनारियाला वाटलं. इलेनिया परतली तोवर पिल्लं तळाशी पडली होती, काटे मलूल, पानं जशीच्या तशी.

"त्सिया, दगडांवरची बुळबुळ कुठे गेली?"

"काढली की! बोटभर साचली होती."

इलेनियाने टाकीत हात घालून एक दगड चाचपला. "अहो, त्यात जिवाणू होते. शेवाळ पचवायला अर्चिनच्या पोटात जिवाणूंची वस्तीच लागते. मोठ्यांच्या पोटात ती नांदत असते. या पोरांची अजून नीट बसलेली नाही. त्यांना ती बुळबुळीतून मिळते, मोठ्यांच्या लेंड्यांतून मिळते."

"लेंड्यांतून?" बोनारियाचा चेहरा उतरला. पोरं आपल्याच हातून मरणार, एवढंच तिला कळलं. "मग आता?"

"समुद्रातले मोठे अर्चिन आणून त्यांच्या लेंड्या या टाकीत घालू. जगतील की नाही, सांगता येत नाही. पण करून बघू."

परवान्याचं काम इलेनियाने केलं, आणि बोबोरेने कित्येक दिवसांनी समुद्रात बुडी मारली. सहा मोठे अर्चिन आणि बुळबुळीत दगडांची टोपली घेऊन तो आला तो तसाच, ओल्या बुटांनी आत. बोनारिया नुसती बुटांकडे बघत राहिली.

"बघतेस काय? आज ओरडायचं नाही वाटतं?"

"दगड ठेव आणि गप बैस."

मोठ्यांना वेगळ्या टाकीत ठेवलं; तिच्या तळाशी लेंड्यांच्या बारीक हिरवट गोळ्या साचल्या. बोनारियाने नाक मुरडत त्या नळीने ओढल्या आणि पिल्लांवर हळूच सोडल्या.

"माझ्या पोरांना शी भरवायची वेळ आली!"

"माझ्या आईने मला याहून वाईट भरवलंय," बोबोरे म्हणाला. "तिचं कोबीचं सूप आठवतंय ना?"

बोनारियाला हसू आवरलं नाही.

काही पिल्लं गेलीच. ती तिने स्वतः वेचून काढली, कुणाला हात लावू दिला नाही. उरलेली दगडांवर सरकू लागली, पण पानं मात्र शाबूत. रोज सकाळी कॉफीच्या आधी ती टाकीत वाकून बघायची.

एका सकाळी एका पानाची कड कुरतडलेली दिसली. मग दुसऱ्याची. तिसऱ्याला तर आरपार भोक, आणि त्या भोकात एक पिल्लू काटे ताठ करून बसलेलं.

"बोबोरे! अरे, इकडे ये! इलेनियाला हाक मार!"

बोबोरे कप घेऊन आला आणि वाकून पाहत हळूच म्हणाला, "ओरडू नकोस. जेवतायत ना ती."